मदत हवी आहे : करडईवरच्या माव्यात बिनपायाची अळी, फवारू की थांबू?

करडई 45 दिवसांची आहे. शेंड्यांवर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) चढलाय आणि त्यातच साधारण 1 सेंमीच्या फिकट, आरपार दिसाव्यात अशा अळ्या आहेत. पानं मात्र कुठे कुरतडलेली नाहीत. बांधावरच्या कोथिंबिरीच्या फुलांशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माश्या एका जागी तरंगतात. संबंध आहे का? उद्या आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारं) कीटकनाशक मारायचं ठरलंय.

प्रतिसाद 1 :
थांबा! ही सिरफिड माशीची, म्हणजे फुलांशी तरंगणाऱ्या त्याच माशीची अळी आहे, मावा हेच तिचं अन्न. भिंगातून बघा : पाय नाहीत, वेगळं डोकं नाही, पुढचं टोक निमुळतं. पीक कुरतडणाऱ्या घाटेअळीला डोकं ठळक आणि पुढे पायांच्या तीन जोड्या असतात. सिरफिडची अळी आंधळी असते. पुढचं टोक डावी-उजवीकडे फिरवत चाचपडते, मावा लागला की त्याला पानावरून वर उचलते, शोषते आणि रिकामं साल टाकून देते. शेंड्यावर अशी सुरकुतलेली सालं दिसली की समजा, काम चालू आहे. कोषात जाईपर्यंत एक अळी शेकडो मावे फस्त करते. हे बरंचसं रात्री चालतं, म्हणून मोजणी अंधार पडल्यावर बॅटरीने करा. दुपारी त्या पानाआड असतात.

माशीच्या नारिंगी पोटाच्या मधल्या दोन खंडांवर प्रत्येकी एक जाड आणि एक मिशीसारखा बारीक काळा पट्टा असेल, तर ती एपिसिरफस बाल्टिएटस ही सिरफिडची जात. नांगी नसते, पंख दोनच.

प्रश्नकर्ता :
पानांना थेंबासारखे कोष चिकटलेत. काही काळपट झालेत. मेले का?

प्रतिसाद 2 :
काळपट म्हणजे मेलाच असं नाही. माशी निघण्याआधी आतले पट्टे सालीतून दिसू लागतात. रिकामा कोष बघा : पुढचं टोक झाकणासारखं उघडलं असेल तर माशी निघाली, वेडंवाकडं भोक असेल तर परजीवी गांधील. डिप्लाझॉन जातीची गांधील या माशीच्या अंड्यात किंवा कोवळ्या अळीत अंडं घालते, पण बाहेर कोषातूनच पडते.

सरसकट फवारलंत तर अळ्या आधी संपतील आणि वाचलेला मावा पुन्हा वाढेल, कारण त्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते. करडईवरचा मावा आधी कडेच्या झाडांवर येतो. मधल्या भागात तो तुरळक असेल तर फक्त कडेचा पट्टा फवारा, तोही अळ्या नसलेली झाडं बघून. कोथिंबीर उपटू नका. परागकण खाल्ल्याशिवाय मादी माशीची अंडी पिकत नाहीत, आणि तिच्या आखूड सोंडेला ही उथळ फुलंच सोयीची पडतात.