'ब्राउनफील्ड'ला मराठीत काय म्हणावं?

एका अहवालाचं भाषांतर करतेय. शहरातल्या बंद कारखान्यांच्या, जुन्या पेट्रोल पंपांच्या जागा सरकारी पैशातून साफ करून तिथे पुन्हा बांधकाम करायचं, असा विषय. 'ब्राउनफील्ड' पानोपानी येतो. 'तपकिरी क्षेत्र' लिहिलं आणि दोन पानांनंतर माझं मलाच हसू आलं. 'पडीक जमीन' चालेल का?

—

पडीक नको. पडीक म्हणजे पेरा न झालेली. नांगर फिरला की वहितीखाली येते. इथे नांगराचं काम नाही. पंपाची जमिनीखालची टाकी वर्षानुवर्षं ठिबकत राहिली, तरी वरचा कोबा धड दिसतो, फटींतून गवतही उगवतं. पण चार हात खाली खणलं की मातीला पेट्रोलचा वास येतो आणि बेंझिन भूजलात उतरलेलं असतं.

'तपकिरी' फसतो, कारण मराठीत जमिनीचा रंग आधीच कामाला लावलेला आहे. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. तपकिरी म्हटलं की वाचक पीक कोणतं येईल ते शोधणार.

अहवाल कुठला ते आधी बघा. ब्रिटनमध्ये ब्राउनफील्ड म्हणजे पूर्वी बांधकाम झालेली जमीन, मग ती दूषित असो वा नसो. अमेरिकेच्या २००२च्या कायद्यात मात्र घातक द्रव्य असल्यामुळे किंवा असण्याच्या शक्यतेमुळे जिचा पुनर्वापर अडू शकतो, ती. (गुंतवणुकीच्या बातम्यांतला 'ब्राउनफील्ड प्रकल्प' तिसराच. त्यात विषाचा संबंध नाही.)

त्या 'शक्यते'साठी मला 'डागाळलेली जमीन' सुचतो. 'दूषित' म्हटलं की तपासणी होऊन निकाल लागल्यासारखं वाटतं. डाग नुसत्या संशयाचाही लागतो. आणि पैशाचं घोडं तिथेच अडतं. मालक खणून बघतच नाही, कारण झाकली मूठ सव्वा लाखाची. नमुना घेतला, शिसं निघालं, की सफाईचा खर्च गळ्यात. तोवर गिऱ्हाईक फिरकत नाही, बँक हात आखडते. म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे सफाईच्या अनुदानाआधी निव्वळ तपासणीचं वेगळं अनुदान असतं.

—

'डागाळलेली' कथेत शोभेल, कलमात नाही. तिथे 'दूषित किंवा दूषित असल्याचा संशय असलेली' असंच लिहावं लागेल. बाकी 'पोल्यूटर पेज'चं, म्हणजे ज्याने घाण केली त्यानेच खर्च भरावा या तत्त्वाचं, 'प्रदूषक-अदायगी तत्त्व' कुणी करू नये एवढीच विनंती. 'करावे तसे भरावे' आपल्याकडे केव्हाचं आहे.

—

कलमाचं मान्य. म्हण मात्र इथेच उलटी पडते. करणारी कंपनी कधीच बुडालेली असते, भरणार कोण? न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉल या वस्तीखाली पुरलेला रासायनिक कचरा उघड झाला, त्या प्रकरणानंतर अमेरिकेत १९८०मध्ये सुपरफंड कायदा आला, तेव्हा तेल आणि रसायन उद्योगांवर कर बसवून अशा जागांचा खर्च काढला होता. त्या कराची मुदत १९९५मध्ये संपली आणि भार हळूहळू सामान्य करदात्यावर सरकला. रसायनांवरचा कर २०२१च्या कायद्याने परत आणला. अशा जागांना अहवालात 'ऑर्फन' म्हटलं असेल तर 'अनाथ' करू नका. अनाथाची दया येते. या जागा बेवारस.

—

बेवारस घेतला. 'रिव्हॉल्व्हिंग लोन फंड' आणि 'क्लीनअप' राहिले.

—

पहिल्याला 'फिरता निधी'. बचत गटांमुळे रुळलेला आहे आणि अर्थही तोच : परतफेड आली की पुढच्याला कर्ज.

दुसरा अवघड. 'शुद्धीकरण'ला सोवळ्याओवळ्याचा वास, 'स्वच्छता' म्हणजे झाडू. शिवाय माती पुरती स्वच्छ बहुतेकदा होतच नाही. कुठे वरचा थर खणून नेतात, कुठे त्यावर चांगली माती किंवा काँक्रीट घालतात आणि इथे विहीर घ्यायची नाही अशी नोंद लावतात. गोदामाला चालेल तेवढं शिसं मुलं खेळतात त्या अंगणात चालत नाही. मी 'निर्धोक करणे' लिहीन. निर्धोक म्हटलं की कशासाठी, हे सांगावंच लागतं.

—

छान. मग दूषित मातीवर घालतात त्या थराला, 'कॅप'ला, झाकण?

—

झाकण काढता येतं. 'आच्छादन' बरं.

—

आच्छादन, ठीक. ते घालायला अनुदान आहे. पुढे तडे गेले तर बुजवायचे कुणाच्या पैशाने, याला मात्र माझ्या अहवालात इंग्रजी शब्दही सापडत नाहीये.