गृहपाठाच्या वेळी मुलाचे आकांडतांडव: वर्तन उपचार, सीबीटी (विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती) की आधी वाचनाची तपासणी? (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा सोलापुरात मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत आहे. पूर्व भागातल्या बऱ्याच घरांप्रमाणे आमच्याकडेही आजीशी तेलुगू आणि आमच्याशी मराठी असे चालते. संध्याकाळी गणिताचा गृहपाठ निघाला की तो वही भिरकावतो, पाने टरकावतो आणि अलीकडे धाकट्या बहिणीला चिमटेही काढू लागला आहे. ‘लाड कमी करा’ आणि ‘एक ठेवून द्या’ हे सल्ले नातेवाइकांकडून पुरेसे मिळाले आहेत, त्यामुळे ते इथे कृपया नकोत.

एका समुपदेशक बाईंच्या सांगण्यावरून मी तीन रकान्यांची नोंद ठेवते आहे: आधी काय घडले, त्याने नेमके काय केले, आणि त्यानंतर लगेच त्याला काय मिळाले किंवा त्याचे काय टळले. मधल्या रकान्यात ‘हट्टीपणा केला’ असे लिहायचे नाही, दिसले तेवढेच लिहायचे, अशी त्यांची अट आहे. नमुन्यादाखल एक नोंद देते: “सव्वासात. उभ्या मांडणीचे गुणाकार विनातक्रार केले. पहिले शाब्दिक उदाहरण वाचायला सांगितले. दुसऱ्या ओळीवर अडला, पेन्सिलीचे टोक मोडले, पान फाडले. आजीने जवळ घेऊन मोबाइल दिला. वही दप्तरात.”

हे सारे लक्ष वेधण्यासाठी चालते, असे घरातल्या सर्वांचे मत आहे. मला ते पटत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. पाणी येते त्या संध्याकाळी सगळे घर पिंप आणि हंडे भरण्यात गुंतलेले असते आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. लक्ष हवे असते तर त्या दिवशी गोंधळ वाढायला हवा होता. प्रत्यक्षात तो शाब्दिक उदाहरणे गुपचूप सोडून देतो आणि शांत बसतो. म्हणजे त्याला सुटका हवी आहे, आणि वही फाडल्यावर ती मिळते. नकोशी गोष्ट टळल्यामुळे वर्तन बळावणे, यालाच मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या मांडणीत ऋण प्रबलन म्हणतात. हे खरे असेल तर शाळेत त्याला वर्गाबाहेर उभे करतात ती शिक्षा नसून बक्षीसच ठरते.

आता माझ्या शंका. काम पूर्ण बंद न करता दोनच ओळी वाचायच्या, आणि अडला तर पान फाडण्याऐवजी ‘थोडं थांबू या’ असे म्हणायचे, तसे म्हटल्यास लगेच विश्रांती द्यायची, असे मी ठरवले आहे. मात्र गोंधळ केल्यावर मिळणारी सुटका बंद केली की सुरुवातीला वर्तन आणखी उफाळते, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाईंचा जीव कळवळून मोबाइल पुढे आला, तर अधूनमधून मिळणाऱ्या अशा फळामुळे ती सवय अधिकच चिवट होते. घरातल्या मोठ्या माणसांना न दुखावता हे कोणी कसे समजावले आहे?

दुसरे असे की, तो एकदा सहज बोलून गेला, “मी वाचलं की सगळे हसतात, मला येणारच नाही.” सीबीटीचा पाया घालणाऱ्या बेक आणि एलिस यांच्या पद्धतींत अशा विचारांवरच काम करतात, असे वाचले आहे. नऊ वर्षांच्या मुलाला आपला विचार वेगळा काढून तपासता येतो का, की या वयात वर्तनाच्या भागावरच भर द्यावा?

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आकडेमोड जमते आणि वाचनाशी अडते, तर यामागे अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण) असेल का? की दोन भाषांमुळे मराठी वाचन मागे पडले आहे? तेलुगू बोलणाऱ्या घरांतली किती तरी मुले मराठीत उत्तम वाचतात, म्हणून सगळे खापर भाषेवर फोडणे मला योग्य वाटत नाही. डोळे आणि कान तपासून झाले आहेत, त्यांत दोष नाही. दोन्ही भाषा लक्षात घेऊन वाचनाची चाचणी घेणारे, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ सोलापुरात आहेत का, की सिव्हिलच्या मनोविकार विभागातूनच सुरुवात करावी? तिथे जाताना माझी नोंदवही आणि फाडलेली पाने दाखवणे उपयोगी पडेल का?

स्वतःचा अनुभव असलेल्यांनी इथेच लिहावे. कोणाचा दूरध्वनी क्रमांक सुचवायचा असेल तर तो व्यक्तिगत निरोपातून पाठवावा.