मदत हवी आहे: आजीला चढता-उतरता येईल अशी सात आसनी गाडी (फोंडा, गोवा)

चिरेबंदी
नमस्कार. घरात माणसं सात. आजी ८१ वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले, घरात काठी आणि लांब चालायचं असेल तर घडीची व्हीलचेअर. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची. घर फोंडा तालुक्यात, वाड्यावर. हमरस्त्यापासून वर येणारी वाट चिऱ्यांच्या दोन गडग्यांमधून (कुंपणाच्या भिंतींमधून) जाते आणि शेवटी चांगलाच चढ आहे.

रोजचं धावणं शाळा आणि बाजार, एका वेळी ३-४ किलोमीटर. महिन्यातून दोनदा आजींना बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्यावं लागतं. चवथीला (गणेशचतुर्थीला) सगळी मिळून डिचोलीला मूळ घरी जातो, वर्षातून एक-दोनदा चोर्ला घाटातून बेळगावला. ऑन-रोड बजेट १८ लाख. यादीत अर्टिगा, कॅरेन्स, ट्रायबर, स्कॉर्पिओ-एन आणि जुनी इनोव्हा क्रिस्टा. प्रत्येक जण वेगळं नाव सांगतो. नेमकं काय बघून ठरवायचं?

सुकाणू
ताई, गाडीची नावं थोडी बाजूला ठेवा. तुमच्या घराचा प्रश्न मधल्या रांगेच्या डाव्या दारापाशी सुटतो. आजी तिथेच बसणार, कारण ते दार रस्त्याच्या कडेला उघडतं आणि चाकांवर येणारे धक्के मधल्या रांगेत सगळ्यात कमी लागतात. शोरूममध्ये मोजपट्टी घेऊन जा आणि त्या दाराची चार मापं घ्या.

पहिलं, जमिनीपासून सीटच्या पुढच्या कडेपर्यंतची उंची. आजी उभ्या असताना ही कड त्यांच्या गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली यायला हवी. कड गुडघ्याच्या पातळीवर आली तर उठताना सगळा भार गुडघ्यावर पडतो, कमरेपर्यंत गेली तर चढावं लागतं.

दुसरं, उंबरठ्याची उंची, आणि उंबरठ्यापासून आतली जमीन किती खोल आहे ते. हे कुणी बघत नाही. आतली जमीन खोल असेल तर उतरताना पाऊल आधी वर उचलावं लागतं आणि मग बाहेर टाकावं लागतं. संधिवाताच्या गुडघ्याला तेच सगळ्यात कठीण. साडीच्या निऱ्याही त्याच कडेत अडकतात.

तिसरं, समोरचं सीट नेहमीच्या जागी ठेवून त्याची पाठ आणि मधल्या सीटची कड यांतलं अंतर. आजी आधी पाठमोऱ्या बसतील, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवतील. त्या वळणाला गुडघ्यापुढे जागा हवी.

चौथं, हाताला धरायला काय आहे. छताच्या मुठीपर्यंत बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचा हात पोचत नाही. दाराच्या मधल्या खांबावर मूठ असेल तर उत्तम. नसेल तर दाराच्या कुलपाच्या लोखंडी कडीत अडकवायची सुटी मूठ मिळते, तिच्यावर उतरताना भार देता येतो.

आजींना सोबत न्याच. आणि बसून बघू नका, उतरून बघा, तीन वेळा. पहिल्यांदा सगळेच उतरतात, तिसऱ्यांदा गुडघा खरं सांगतो.

रिव्हर्सगिअर
वाटेबद्दल. गडग्यांमधली सगळ्यात अरुंद जागा आरशांच्या उंचीवर मोजा, जमिनीवर नाही. चिऱ्याचा जुना गडगा पोट काढतो आणि खाली सापडलेलं माप वर टिकत नाही. कंपनीच्या पत्रकातली रुंदी आरशांशिवायची असते. दोन्ही आरशांचे मिळून साधारण २० ते २५ सेंटिमीटर धरा.

रुंदी मिलिमीटरमध्ये: अर्टिगा १७३५, ट्रायबर १७३९, कॅरेन्स १८००, क्रिस्टा १८३०, स्कॉर्पिओ-एन १९१७. लांबी त्याच क्रमाने: ४४३५, ३९९०, ४५४०, ४७३५, ४६६२.

वाट २.२५ मीटरची निघाली तर स्कॉर्पिओ-एन दोन्ही बाजूंना जेमतेम चार ते साडेसहा सेंटिमीटर सोडून जाईल. रोज दोनदा हे करवत नाही. शिवाय ती ट्रकसारख्या लोखंडी शिडीच्या चौकटीवर बांधलेली उंच गाडी आहे. आजींसाठी तिला पायरी लावावी लागेल, आणि अरुंद पायरीमुळे माणूस उतरताना जमिनीपासून आणखी दूर पडतो. गाडी दणकट आहे यात वाद नाही, तुमच्या घराला ती बसत नाही.

चिरेबंदी
मोजलं. सगळ्यात अरुंद जागा २.२८ मीटर, वळणावर. स्कॉर्पिओ-एन यादीतून काढली. व्हीलचेअर कुठे ठेवायची हा मोठा प्रश्न आहे, आणि सीएनजी घ्यावी का?

माडाचीसावली
आधी व्हीलचेअर. नेहमीची घडीची खुर्ची मिटल्यावर जाडीला साधारण ३० सेंटिमीटर आणि मागची मोठी चाकं सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची. पाय ठेवायच्या पट्ट्या सुट्या होतात, त्या काढूनच आत ठेवा. त्यांच्यामुळेच ती दारात अडते. तिन्ही रांगा उभ्या असताना अर्टिगाची डिकी २०९ लिटर, कॅरेन्सची २१६ आणि ट्रायबरची ८४. यांपैकी कुठल्याही डिकीत ही खुर्ची धड बसेल असं धरू नका. तिसऱ्या रांगेची अर्धी बाजू पाडावी लागते. म्हणजे खुर्ची सोबत असेल तेव्हा तुमची गाडी सहा माणसांची. गोमेकॉच्या फेरीला सगळे जात नाहीत, तेव्हा अडचण नाही. चवथीला मूळ घरी एक जास्तीची खुर्ची ठेवता आली तर सातही जणं नीट जातील.

छतावर कॅरिअर लावून खुर्ची वर चढवायच्या भानगडीत पडू नका. पावसाळ्यात तिची बेअरिंगं गंजतात, आणि ती उतरवेपर्यंत आजी रस्त्यावर उभ्या.

सीएनजी अर्टिगात ६० लिटरची टाकी तिसऱ्या रांगेच्या मागे, डिकीतच बसते. बचत खरी आहे, कंपनीचा दावा किलोला २६.११ किलोमीटरचा आहे, पण सामान आणि खुर्ची दोन्ही माणसांच्या जागेत येतात. शिवाय सीएनजीवर ताकद ८७-८८ पीएसवर (अश्वशक्तीवर) येते, पेट्रोलवर १०३ असते. सात जणं घेऊन चोर्ला चढताना हा फरक जाणवतो. तुमच्यासाठी साधं पेट्रोल.

ट्रायबरबद्दल दोन शब्द, कारण ती उगाच बदनाम आहे. तिसऱ्या रांगेची सीटं पूर्ण काढून घरी ठेवता येतात आणि तेव्हा ६२५ लिटर जागा मिळते, ही मोठी सोय आहे. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीच्या आतली पेट्रोल गाडी असल्याने २२ सप्टेंबर २०२५ पासून तिला १८ टक्के जीएसटी लागतो, लांब गाड्यांना ४०. पण एक लिटरचं ७२ पीएसचं इंजिन, सात माणसं आणि तुमच्या घराचा तो चढ. पाच माणसांच्या घराला मी हीच सांगितली असती.

रिव्हर्सगिअर
चढाचं आणखी एक. अर्टिगा, कॅरेन्स, ट्रायबर तिन्ही पुढच्या चाकांवर ओढतात. मागे माणसं भरली आणि चढ लागला की भार मागे सरकतो, पुढची चाकं हलकी होतात. त्यात पावसात चिऱ्यावर शेवाळ असेल तर चाक जागेवर फिरतं. जोर देऊ नका, त्याने शेवाळ आणखी गुळगुळीत होतं. चढावर न थांबता दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखा वेग ठेवून या. मृगाआधी चाकांच्या दोन पट्ट्यांतलं शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढा, किंवा तेवढ्याच पट्ट्यांत आडव्या खाचा पाडलेलं काँक्रीट घाला. क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते, ती इथे भरलेली असताना जास्त बरी चढते.

चिरेबंदी
मग जुनी क्रिस्टा घ्यावी का? डिझेलवर सासऱ्यांचा भरवसा आहे.

सुकाणू
सासऱ्यांचा भरवसा खोटा नाही. १५० पीएसचं २.४ लिटर इंजिन आहे, घाटात सात जणं असल्याचं कळतही नाही. अडचण तुमच्या ३-४ किलोमीटरच्या फेऱ्यांची. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांच्या, डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ व्हायला इंजिन पूर्ण तापून पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालावं लागतं. शाळा-बाजारात ते कधी होत नाही. काजळी साचते, दिवा लागतो, मग वर्कशॉप. घ्यायचीच असेल तर आठवड्यातून एकदा तरी राष्ट्रीय महामार्ग ६६ वर लांब फेरी ठेवावी लागेल. आणि तिचा उंबरठा अर्टिगापेक्षा उंच आहे, म्हणजे आपण पुन्हा आजींच्या गुडघ्यापाशी आलो.

जुनी बघायला गेलातच तर: सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ असली तर गाडी पाण्यात गेलेली आहे. गालिचा उचलून सीटच्या बोल्टांचा गंज बघा. किनाऱ्याजवळ राहिलेली गाडी असेल तर ती वर उचलायला लावून ब्रेकच्या नळ्या आणि मागच्या चाकांकडची चौकट तपासा. परराज्यातली असेल तर नमुना २८ चं ना-हरकत पत्र, २९ आणि ३० हे हस्तांतराचे नमुने आणि इथला रस्ता कर, हे सगळं हिशेबात धरा.

गोधडी
एक गोष्ट राहून जातेय, चार वर्षांच्या मुलीचं सीट. ते आयसोफिक्सच्या कड्यांना अडकतं आणि त्या कड्या मधल्या रांगेच्या बाहेरच्या दोन जागांवर असतात. डावी जागा आजींची, म्हणजे मुलीचं सीट उजवीकडे. आता तिसऱ्या रांगेत जायचं कुठून? उजवं सीट मुलीच्या सीटमुळे दुमडत नाही, डावीकडे आजी.

उपाय क्रमाचा. तिसऱ्या रांगेतली माणसं डाव्या बाजूने आधी आत, मग सीट मागे सरकवून आजी शेवटी. उतरताना आजी आधी. म्हणून शोरूममध्ये मधल्या रांगेची कोणती बाजू एकटी सरकते ते नक्की बघा. मधलं सीट ६०:४० मध्ये विभागलेलं असतं. साठची बाजू डावीकडे आली तर मधल्या माणसालाही प्रत्येक वेळी उठावं लागेल. कॅरेन्सच्या काही प्रकारांत बटण दाबलं की मधलं सीट पुढे पालथं होतं, त्यामुळे मागे जायची वाट अर्टिगापेक्षा मोठी मिळते. मधे वाट असलेली दोन सुटी सीटं हा प्रश्न पूर्ण सोडवतात, पण मग जागा सहाच.

मागे ११ वर्षांचा मुलगा आणि तुमच्यापैकी एक. सासू-सासऱ्यांना मागे बसवू नका. ती रांग मागच्या चाकांवर येते, आणि घाटात मळमळ तिथेच सुरू होते.

चिरेबंदी
हे कुणीच सांगितलं नव्हतं. आता अर्टिगा ऑटोमॅटिक पेट्रोल किंवा कॅरेन्स पेट्रोल, एवढंच उरलं.

सुकाणू
अपघाताच्या चाचणीचं माप नजरेआड करू नका. आफ्रिकेसाठी बनलेल्या अर्टिगाला २०२४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत मोठ्यांसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला होता. इथल्या गाडीत एअरबॅगा सहा असल्या तरी सांगाड्याचा प्रश्न वेगळा असतो. बांबोळीच्या फेऱ्या महामार्गावरून असतील तर माझं मत कॅरेन्सकडे झुकतं. अर्टिगाच्या बाजूने तिची कमी रुंदी, ५.२ मीटरची वळणत्रिज्या आणि स्वस्त सुटे भाग. तुमच्या २.२८ च्या वळणावर कॅरेन्स आरसे मिटून सहज जाते, पण वळण एका दमात होतं का ते प्रत्यक्ष चालवून बघा.

चाचणीला गाडी घरी बोलवा. शोरूमच्या सपाट फरशीवर काही कळत नाही. सातही माणसं बसवा, एसी चालू ठेवा, चढाच्या मधोमध थांबून हँडब्रेकवरून पुन्हा निघा. मागची रांग भरल्यावर गाडी खाली बसते, तेव्हा अंगणात वळताना बंपर घासतो का बघा. टायरची हवा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर भरल्या गाडीसाठी वेगळी दिलेली असते, ती तेवढी असल्याशिवाय ही चाचणी खरी नाही.

माडाचीसावली
पावसाआधीचं. काचेच्या खालच्या जाळीत पानं साचतात, पाणी तुंबतं आणि पायाशी येतं. महिन्यातून एकदा हाताने काढा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती काडीने मोकळी ठेवा, नाहीतर दार आतून गंजतं. नारळाखाली गाडी लावू नका.

सीटचं कापड घेताना आजींच्या जागेपुरतं तरी रेक्झिन घ्या. कापडावर वळताना साडी चिकटून धरते, रेक्झिनवर त्या एका हाताच्या आधाराने फिरतील. कापडाचं सीट असेल तर सॅटिनचा जाड तुकडा घालून ठेवा, बसल्यावर बेल्ट लावायच्या आधी काढून घ्या, म्हणजे ब्रेक लागल्यावर त्या पुढे सरकणार नाहीत.

चिरेबंदी
शनिवारी सकाळी कॅरेन्स घरी येतेय, दुपारी अर्टिगा. मोजपट्टी आणि मुलीचं सीट काढून ठेवलंय. आजींना नऊवारीतच बसवते, चवथीला त्या तीच नेसतात.