जुन्या बॉक्सटरसाठी स्कॅनर: पोर्शेचाच हवा, की साधा ॲडॅप्टर पुरे?

पाना_१३ (धागाकर्ता)
गाडी २००४ ची पोर्शे बॉक्सटर एस, म्हणजे ९८६, इंजिन ३.२ लिटर, मुक्काम इंग्लंड. इंजिनचा दिवा लागलेला आहे आणि पी११२८, पी११३० हे दोन कोड येतात. दिवा लागलेला असला तर एमओटीत, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीत, गाडी नापास होते, त्यामुळे विषय टाळता येत नाही. पर्याय तीन: फोनला जोडायचा ईएलएम३२७ ॲडॅप्टर, आयकारसॉफ्ट किंवा फॉक्सवेलचा हातातला स्कॅनर, आणि लॅपटॉपवर चालणारं ड्युरामेट्रिक.

माझं मत स्पष्ट आहे. या गाडीसाठी साधा ॲडॅप्टर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ओबीडी-२ चा (गाडीतल्या निदानाच्या सॉकेटचा) नियम प्रदूषणापुरता आहे, त्यामुळे साधा स्कॅनर फक्त इंजिनाशी बोलतो. एअरबॅग, पीएसएम (गाडी घसरू न देणारी यंत्रणा), इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) यांतलं काहीच त्याला दिसत नाही. सीट काढताना चावी चालू राहिली आणि खालचा पिवळा कनेक्टर सुटला, की एअरबॅगचा दिवा लागतो. नंतर कनेक्टर परत लावला तरी तो दिवा आपोआप जात नाही, एअरबॅग मॉड्यूलपर्यंत पोचणाऱ्या स्कॅनरनेच कोड उडवावा लागतो.

तेलकट_हात
असहमत. तुम्ही सीट काढायला निघालेला नाहीत, तुमच्यापुढे दोन कोड आहेत, आणि त्यांचं निदान साध्या ॲडॅप्टरने होतं.

पी११२८ हा १ ते ३ सिलिंडरच्या बाजूचा, पी११३० हा ४ ते ६ च्या. दोन्हींचा अर्थ एकच: कॉम्प्युटर हवेप्रमाणे इंधन कमी-जास्त करतो, ती इंधनाची दुरुस्ती मर्यादेपर्यंत गेली. दोन्ही बाजू एकदम आल्या म्हणजे दोष सामायिक आहे. दोन ऑक्सिजन सेन्सर एकाच आठवड्यात मरत नाहीत, तरी लोक कोड वाचून आधी सेन्सरच विकत घेतात. पाहायचं ते असं: आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर मळलाय का, तेल भरायच्या नळीच्या घडीदार भागाला चीर गेली आहे का, आणि एअर-ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातल्या वाफेतून तेल वेगळं करणारा भाग. सेपरेटरच्या चाचणीला स्कॅनर लागतच नाही. इंजिन गरम करून आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवा आणि तेलाचं झाकण उचला. हलकी ओढ जाणवून आयडल जरा डळमळला तर ठीक. झाकण जोरात खेचून धरलं जात असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर आतला पडदा फाटला आहे.

उरलेल्या पैशात स्मोक टेस्ट करून घ्या. चीर नेमकी कुठे आहे ते धूर दाखवतो, स्कॅनर कितीही महाग असला तरी दाखवत नाही.

पाना_१३
झाकणाची चाचणी मान्य. पण दोष आयडलचा आहे की लोडचा, हे साध्या ॲपवरून कसं ठरवणार? ॲप प्रत्येक बाजूला लाँग टर्म ट्रिमचा, म्हणजे इंधनाच्या साठलेल्या दुरुस्तीचा, एकच आकडा देतं. पोर्शेच्या स्कॅनरवर दोन वेगळे दिसतात: आरकॅट, म्हणजे आयडलजवळची बेरीज-वजाबाकी, आणि एफआरए, म्हणजे लोडखालचा गुणक, जो १.०० च्या आसपास असायला हवा. एफआरए १.०२ आणि आरकॅट वरच्या टोकाला चिकटलेला असेल तर कुठूनतरी फुकटची हवा ओढली जातेय, कारण आयडलला एकूण हवा कमी असते आणि गळतीचा वाटा मोठा होतो. उलट आरकॅट शून्याजवळ आणि एफआरए १.१५ असेल तर एअरफ्लो सेन्सर कमी मोजतोय किंवा इंधनाचा दाब कमी आहे. या एका नजरेत अर्धं काम होतं.

तेलकट_हात
हाच फरक साध्या ॲपवरही काढता येतो, फक्त वेळ द्यावा लागतो. गरम इंजिन आयडलला दोन मिनिटं ठेवून शॉर्ट टर्म ट्रिम (त्या क्षणाची दुरुस्ती) बघा, मग ३,००० आरपीएमला धरून परत बघा. आयडलला जास्त आणि वर कमी झाला तर गळती. आकडे दोन हवेत हे खरं, पण ते वेगवेगळ्या वेळी घेता येतात.

सहा_सिलिंडर
दोघंही एकाच बिघाडाभोवती फिरताय. या गाडीला पोर्शेचा स्कॅनर लागतो तो मुख्यतः दोन गोष्टींसाठी, आणि त्या कुठल्याच कोडमध्ये येत नाहीत.

एक, कॅमशाफ्टचं डेव्हिएशन, म्हणजे तो ठरलेल्या जागेपासून किती सरकलाय ते. गरम आयडलला दोन्ही बाजूंचा आकडा अंशांत दिसतो. साधारण ६ अंशांच्या आत असावा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो स्थिर असावा. एका बाजूचा आकडा महिन्यागणिक सरकत असेल तर चेन, तिचे पॅड किंवा आयएमएस (मधल्या शाफ्टचं) बेअरिंग यांपैकी काहीतरी झिजतंय. इंजिनचा दिवा लागेपर्यंत थांबणं परवडत नाही.

दुसरी, ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन फार वेगाने फिरल्याची, नोंद. इंजिनाचा कॉम्प्युटर ती दोन रेंजमध्ये ठेवतो आणि मोजतो ठिणग्या. सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला तीन ठिणग्या, म्हणजे ७,२०० आरपीएमला सेकंदाला ३६०. रेंज १ मध्ये १,८०० दिसले तर लिमिटरवर (फेरे अडवणाऱ्या मर्यादेवर) जेमतेम पाच सेकंद गेलेत, घाबरायचं कारण नाही. रेंज २ मात्र ॲक्सिलरेटर दाबून गाठताच येत नाही, कारण लिमिटर आधी अडवतो. चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला तरच तिथे आकडा चढतो. सोबत शेवटचा प्रसंग किती तासांवर घडला तेही असतं. एकूण २,०५० तास आणि नोंद ३१० तासांवरची असेल, तर त्यानंतर इंजिन १,७४० तास धडधाकट चाललंय.

हेच तास किलोमीटरशी ताडून बघा. ९०,००० किमी आणि २,००० तास म्हणजे सरासरी ४५, पटण्यासारखी. मीटरवर ६०,००० आणि तास ३,२०० निघाले, तर सरासरी १९ च्याही खाली येते. अशा विक्रेत्याला कागदपत्रं मागा. हे एकदा बघितलं की स्कॅनरचे पैसे वसूल.

मळकट_लॅपटॉप
सहा_सिलिंडर यांना +१. मग हातातला की लॅपटॉपचा, एवढंच उरतं. कोड बघणं-उडवणं असेल तर हातातला बरा, गॅरेजच्या अंधारात बॉनेटपाशी घेऊन उभं राहता येतं. आकडे फाइलमध्ये साठवून पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडायचे असतील तर ड्युरामेट्रिक. त्याला विंडोजचा लॅपटॉप लागतो, आणि हौशी आवृत्ती तीनच गाड्यांना चालते. फॉक्सवेलमध्ये एका कंपनीचं सॉफ्टवेअर सोबत येतं, दुसऱ्या कंपनीचं वेगळं विकत घ्यावं लागतं. घरात दुसरी गाडी वेगळ्या कंपनीची असेल तर हा हिशेब आधी करा.

वळणाचा_रस्ता
मग पीविसचीच, म्हणजे पोर्शेच्या स्वतःच्या टेस्टरची, कॉपी का घेऊ नये? कंपनीच्या टेस्टरमध्ये असतं ते सगळं कमी पैशात मिळतं.

सहा_सिलिंडर
नका घेऊ. वाचण्यापुरतं ते चालेलही, पण हातात कोडिंग असलं की माणूस कोडिंग करतो. लिहिताना व्होल्टेज पडलं किंवा चुकीचा प्रकार निवडला गेला, तर मॉड्यूल अर्धवट लिहिलेला राहतो, आणि कॉपी विकणारा तो सोडवायला येत नाही. नवी चावी जोडायला तर त्या गाडीचे कोडही लागतात, नुसत्या टेस्टरने ती जुळत नाही.

तेलकट_हात
इथे पूर्ण सहमत. एक भर घालतो: कुठलाही स्कॅनर 'संपर्क नाही' म्हणाला तर लगेच परत करू नका. सॉकेटच्या १६ आणि ४ नंबरच्या पिनमध्ये मीटर लावा, बॅटरीचं व्होल्टेज मिळालं पाहिजे. नसेल तर फ्यूज. असेल तर ७ नंबरची के-लाइन (स्कॅनर आणि मॉड्यूल बोलतात ती तार) तपासा. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला ती तार जोडली गेली असेल तर सगळं बोलणं बंद पडतं, स्टिरिओचा कनेक्टर काढून परत बघा. फक्त इमोबिलायझरच उत्तर देत नसेल तर सीटखालचा गालिचा दाबून बघा. छताच्या पाण्याच्या वाटा तुंबल्या की पाणी तिथे साचतं आणि मॉड्यूल त्याच पाण्यात बसलेला असतो.

आणि पीएसएमच्या नावाखाली घाबरवू नका. ब्रेक ऑइल बदलायला स्कॅनर लागत नाही, नेहमीचं प्रेशर ब्लीडिंग पुरतं. हायड्रॉलिक युनिट बदललं किंवा त्यात हवा शिरली तरच टेस्टरने पंप चालवावा लागतो.

पाना_१३
ब्रेकचं मान्य. पण ईएलएम३२७ च्या स्वस्त नकलांचं काय? '१.५ आवृत्ती' म्हणून जे विकलं जातं ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती. काही नकला अर्ध्या आज्ञा गाळतात. ही गाडी जुन्या के-लाइनवर बोलते, तिथे त्या अडखळतात, आणि दोष गाडीचा वाटतो.

तेलकट_हात
म्हणून नक्कल घेऊ नका, चांगल्या कंपनीचा ॲडॅप्टर घ्या. आयफोन असेल तर तो ब्लूटूथ एलई किंवा वायफायचाच हवा. आणि काम झालं की सॉकेटमधून काढा, १६ नंबरला कायम करंट असतो, आठवड्याने बॅटरी उतरलेली सापडेल.

माझा क्रम तोच: झाकण, एअरफ्लो सेन्सरला त्याचाच स्प्रे, स्मोक टेस्ट. मग हवा तर स्कॅनर.

पाना_१३
माझा उलटा. आधी बॅटरीला चार्जर लावून सगळे मॉड्यूल वाचायचे, कोड आणि फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाचे आकडे) लिहून घ्यायची, आरकॅट-एफआरए दोन्ही बाजूंचे टिपायचे, आणि तोवर एकही कोड उडवायचा नाही. उडवला की इंधनाच्या दुरुस्तीचे साठलेले आकडेही जातात आणि गाडी परत शिकेपर्यंत हातात काही उरत नाही. बॅटरी काढली तरी तेच, वर थ्रॉटलला शिकवावं लागतं: पाय न लावता ६० सेकंद चावी चालू, मग १० सेकंद बंद.

स्मोक टेस्टमध्ये चीर सापडून ती बुजवली, तरी आरकॅट खाली आला का हे बघायला मला तेच यंत्र परत लागणार आहे.