व्होल्टासचा शेअर स्वस्त म्हणायचा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. व्होल्टासचं नफा-तोटा पत्रक घेऊन बसलोय आणि पेन्सिलीने गोल केलेल्या एकाच ओळीवर अडलोय. तुर्कस्तानच्या आर्चेलिकबरोबरच्या व्होल्टबेक या फ्रिज-वॉशिंग मशीनच्या संयुक्त कंपनीतला तोट्याचा वाटा एकत्रित नफ्यातून वजा होतो, म्हणून पी/ई (शेअरची किंमत नफ्याच्या किती पट) फुगलेला दिसतो. मग एसीच्या धंद्याची किंमत वेगळी लावायची का? मला ते पटतं. पण फ्रिज-वॉशिंग मशीनचं काय, शून्य धरायचं की विक्रीच्या पटीत मोजायचं?

एसीची मोठी मदार एप्रिल-जून तिमाहीवर. उन्हाळ्यात पाऊस झाला की गणित बिघडतं, म्हणजे एकाच वर्षाचा नफा धरणंही चूकच. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्याचा परिणाम वेगळा.

बाबांच्या निवृत्तीचे पैसे आहेत, घाई करायची नाही. कोणी असा हिशेब मांडला असेल तर कृपया पद्धत सांगा.