बाबांचं अपंगत्व पेन्शन २००९ ला नामंजूर झालेलं, आता काही होऊ शकतं का?

बीडची_लेक

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलेय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचे बाबा तोफखान्यात गनर होते, १९९४ ला भरती, २००९ ला लान्स नायक म्हणून घरी आले. १५ वर्षं झाली न् कानामुळं मेडिकल कॅटेगरी खाली गेलेली म्हणून पुढं दोन वर्षाचं एक्स्टेन्शन मिळालं नाही. नुसतं सर्व्हिस पेन्शन चालूय.

दोन्ही कानांनी ऐकू येत नाही म्हणलं तरी चालेल. टीव्ही लावला की शेजारच्या काकू त्यांच्या ओट्यावर बसून आमच्या बातम्या ऐकतात, ते चालतंय हो, पण मागच्या महिन्यात बांधावरून येताना मागून ट्रॅक्टर आला, हॉर्न मारून मारून ड्रायव्हर दमला आणि शेवटी खाली उतरून त्यानं बाबांना हात धरून बाजूला केलं. तेव्हापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही.

बाबांची काळी ट्रंक आहे, वर पांढऱ्या पेंटनं नंबर टाकलेली, त्यात एक पत्र सापडलं. अपंगत्व पेन्शनचा क्लेम रिजेक्ट, २० टक्के, लाइफ लाँग, आणि पुढं एनएएनए. बाबा म्हणतात साहेबानं सांगितलं होतं हे मिळत नसतंय, मी ठेवून दिलं. आता तालुक्याचा एक माणूस म्हणायलाय मी करून देतो, जे मिळंल त्यातले दहा टक्के मला. द्यावेत का? खरंच काही होतं का यात? धाकटा भाऊ यंदा इंजिनियरिंगला लागलाय, त्याला काही स्कॉलरशिप असंल तर तेही सांगा.

रिटायर्ड_क्लार्क_परभणी

ताई, पहिलं काम म्हणजे त्या दहा टक्केवाल्याला चहा पाजून वाटंला लावा. आणि ते पत्र लॅमिनेशन करू नका. साधी झेरॉक्स काढा.

मी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला क्लार्क होतो, असले कागद हजारानं हातातून गेलेत. एनएएनए म्हणजे दुखणं नोकरीमुळं झालेलं नाही आणि नोकरीनं वाढलेलंही नाही. आम्ही त्याला नाना म्हणायचो, नाना आले की जवान घरी. अपंगत्व पेन्शनला दोन गोष्टी लागतात, अपंगत्व निदान २० टक्के पाहिजे आणि ते नोकरीमुळं झालेलं किंवा वाढलेलं पाहिजे. तुमच्या बाबांचे २० टक्के फौजेच्या मेडिकल बोर्डानंच मान्य केलेत, अडलंय ते दुसऱ्या गोष्टीवर. तोफेजवळ पंधरा वर्षं उभ्या माणसाचा कान नोकरीमुळं गेला नाही म्हणायचं म्हणजे कमालच आहे, पण असं लिहिणारे बोर्ड मी पाहिलेत.

२०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग केसचा निकाल आला. त्यात म्हणलंय की भरतीच्या वेळी कागदावर त्या दुखण्याची नोंद नसंल तर माणूस धडधाकट आला असंच धरायचं, नंतर जे झालं ते नोकरीमुळं नाही हे फौजेनं दाखवायचं, जवानानं नाही, आणि बोर्डानं कारण लिहायचं, नुसता शेरा मारून भागत नाही. म्हणून तुम्हाला बोर्डाचा पूर्ण कागद पाहिजे. तो रिलीज मेडिकल बोर्डाचा फॉर्म असतो, एएफएमएसएफ १६. पत्रात फक्त निकाल असतो, कारण फॉर्मात असतं. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे, तिथं बाबांच्या सहीनं माहिती अधिकाराचा अर्ज टाका, भरतीच्या वेळचा मेडिकल कागद पण त्यातच मागा. स्पीड पोस्टनंच पाठवा आणि पावती ट्रंकेतच ठेवा, ती ट्रंक लकी दिसायलीय.

जालनाकर_फौजी

क्लार्क साहेब बरोबर आहेत पण पुढचं सांगायचं ऱ्हायलं. रिजेक्ट झाल्यापासून सहा महिन्यात पहिली अपील, ती फेटाळली की सहा महिन्यात दुसरी अपील. तुमची मुदत कवाच गेली, तरी उशीर का झाला हे लिहून पहिली अपील टाकाच, कारण ट्रिब्युनल पहिलं विचारतंय की खालचे दरवाजे वाजवले का. सहा महिने उत्तर नाही आलं तर त्या ट्रिब्युनलात, म्हणजे सशस्त्र सेना न्यायाधिकरणात, जाता येतं, आपल्याला मुंबई बेंच. पेन्शन दर महिन्याला देणं असतं म्हणून उशिराच्या केसी पण ऐकून घेतात, फक्त मागचा थकबाकीचा पैसा सहसा अर्ज टाकल्याच्या आधीच्या तीनच वर्षांचा मिळतो. म्हणजे बाबांनी पत्र ठेवून दिलं ती वर्षं गेली, राग नका धरू त्यांच्यावर. मी पण माझं असंच ठेवलेलं.

आता हिशोब. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे २० टक्केवाल्याला ६ टक्के. पण राउंडिंगचा नियम आहे, ५० च्या खालचं असंल तर ५० धरतात, ५० ते ७५ ला ७५ आणि त्याच्या वर १००. पहिलं हे फक्त मेडिकलवर काढून टाकलेल्यांना द्यायचे, १० डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टानं राम अवतार केसमध्ये टर्म पूर्ण करून आलेल्यांना पण मान्य केलं. मग तुमच्या बाबांचं ६ चं १५ टक्के होतंय. हे वरचं, सर्व्हिस पेन्शन आहे तसंच ऱ्हातं.

अंबाजोगाईचा_मास्तर

सगळ्यांना कोर्टात कशाला धाडायलेत? पंधरा टक्क्यासाठी म्हातारपणी मुंबईच्या चकरा? आणि खरं सांगतो, आजकाल रिटायरमेंट जवळ आली की प्रत्येकाचं बीपी आणि प्रत्येकाचा कान, म्हणून तर २०२३ ला फौजेच्या अपंगत्व पेन्शनचे नियम कडक केले ना. त्यापेक्षा सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन दिव्यांगाचं सर्टिफिकेट काढा, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगाचं ओळखपत्र करा, पेन्शन आपोआप वाढंल.

जालनाकर_फौजी

मास्तर, खोटे कान असतात, मी नाही म्हणत नाही. पण २०२३ चे नियम २१ सप्टेंबर २०२३ पासून बाहेर पडलेल्यांना, २००९ वाल्याला लावता येत नाहीत. आणि सिव्हिलच्या सर्टिफिकेटनं फौजेचं पेन्शन एक रुपयानं वाढत नाही, तिथं मिलिटरी बोर्डाचेच टक्के चालतात. यूडीआयडी कार्ड वेगळ्या कामाचं, ४० टक्के भरले तर एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, ते जरूर काढा. वकिलाचं म्हणाल तर अपंग माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. माजी सैनिकांच्या घरच्यांसाठी तर नालसानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, २०२५ मध्ये वेगळी योजनाच काढलीय, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

वीरपत्नी_नाही_साधी_पत्नी

ताई, मी तुमच्या आईसाठी लिहायलेय. माझे मालक पाठीच्या दुखण्यानं मेडिकलवर घरी आलेले, त्यांचं अपंगत्व पेन्शन चालू होतं. २०१८ ला गेले. मला वाटलं जे येत होतं तेच मला येईल. नाही येत. अपंगत्वाचा भाग माणसाबरोबर बंद होतो, बायकोला फॅमिली पेन्शन लागतंय. साधं असंल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि त्याच मान्य दुखण्यानं गेले हे सिद्ध झालं तर स्पेशल, ते ६० टक्के. म्हणून दवाखान्याचा एकही कागद फेकू नका, मृत्यूच्या दाखल्यावर कारण नीट लिहून घ्या, त्या टायमाला कुणाला सुधरत नाही पण घरातल्या एकाला तरी हे माहीत पाहिजे.

दुसरं नावाचं. माझं फौजेच्या कागदावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि जन्मतारीख दोन्हीकडं वेगळी. ह्या एवढ्याशा गोष्टीपायी मी अकरा महिने बिनपेन्शनची बसले, शेळ्या विकल्या. बाबा आहेत तोवर त्यांच्या सहीनं दुरुस्ती सोपी जाते. स्पर्शवर, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या साइटवर, लॉगिन करून आईचं नाव, जन्मतारीख, फोटो सगळं बघा, आणि तुम्हा लेकरांची नावं पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे फौजेच्या घरच्यांच्या नोंदीला, चढलीत का तेही बघा. आमच्या थोरलीचं चढलेलंच नव्हतं.

रिटायर्ड_क्लार्क_परभणी

वहिनींनी लाखाचं सांगितलं. भावाच्या स्कॉलरशिपला पण तेच नाव अडतं. पंतप्रधान शिष्यवृत्ती, केंद्रीय सैनिक बोर्डाची, मुलाला महिना २५००, मुलीला ३०००. बारावीला ६० टक्के पाहिजेत आणि फॉर्म पहिल्या वर्षालाच भरायचा, दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही. भाऊ पहिल्याच वर्षाला आहे तर आजच साइट बघा. नोकरीमुळं अपंग झालेल्यांच्या लेकरांचा नंबर त्यात साध्या माजी सैनिकाच्या लेकरांच्या वर लागतो, म्हणजे मास्तर, प्रकरण नुसतं पंधरा टक्क्याचं नाही.

आणि ताई, कानाचं मशीन कोर्टापर्यंत थांबवू नका. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं कार्ड असंल, २००९ वाल्यांचं असतंच, तर छत्रपती संभाजीनगरच्या पॉलिक्लिनिकला न्या, तिथून कानाच्या डॉक्टरकडं रेफर करतील.

बीडची_लेक

सगळ्यांचे लै आभार. दहा टक्केवाल्याला नाही म्हणून सांगितलं, तो म्हणला बघा बघा नंतर माझ्याकडंच याल.

काल रात्री ट्रंक पूर्ण उपसली तर बोर्डाच्या फॉर्मची फिकट झेरॉक्स तळाला निघाली, वर्तमानपत्राखाली. कारणाच्या रकान्यात इंग्रजीत एकच ओळ, दुखणं पीस स्टेशनला, म्हणजे लढाई नसलेल्या ठिकाणच्या छावणीत, सुरू झालं म्हणून नोकरीशी संबंध नाही. बाबांना वहीवर लिहून विचारलं की तेव्हा कुठं होता, तर म्हणले पीस स्टेशनच होतं, पण फायरिंग रेंजवर महिना महिना जायचो की, तिथं तोफ काय हळू वाजती का. आणि भरतीच्या कागदावर दोन्ही कानांपुढं नॉर्मल लिहिलेलं आहे, क्लार्क काका, तेच पाहिजे होतं ना?

आईचं नाव स्पर्शवर चुकीचंच निघालं. सोमवारी पहिलं सैनिक कल्याण कार्यालयात जायलोत, अपीलीचा मसुदा झाला की इथं टाकते, कुणीतरी डोळ्याखालून घाला.