अर्थखाते ते ऑफकॉम: शॅरन व्हाइट यांच्या कारकिर्दीविषयी प्रश्न

प्रश्न (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, अमळनेर)
लोकप्रशासनाच्या अभ्यासात ब्रिटनच्या शॅरन व्हाइट यांची कारकीर्द वाचली. १९८९ मध्ये त्या तेथील अर्थखात्यात रुजू झाल्या, मध्यंतरी पंतप्रधानांच्या धोरण कक्षात, जागतिक बँकेत आणि न्याय व आंतरराष्ट्रीय विकास या खात्यांत काम करून २०१३ मध्ये अर्थखात्याच्या द्वितीय स्थायी सचिव झाल्या आणि मार्च २०१५ मध्ये दूरसंचार व प्रसारण क्षेत्राच्या नियामक संस्थेच्या, म्हणजे ऑफकॉमच्या, मुख्य कार्यकारी झाल्या. सरकारी खर्चाचा हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे हे पद देण्यामागे काय विचार असावा? आणि इतकी वर्षे मंत्र्यांना सल्ला देणारी व्यक्ती त्यांच्यापासून अलिप्त राहू शकते का?

उत्तर (लोकप्रशासनाचे प्राध्यापक, जळगाव)
पदांच्या यादीपेक्षा २०१२ चा एक अहवाल पाहावा. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटाच्या काळात अर्थखाते स्वतः कसे वागले, याची तपासणी व्हाइट यांनी केली आणि संकटापूर्वी वित्तीय स्थैर्याच्या कामावर पुरेसे मनुष्यबळ नव्हते, अधिकारीही फार लवकर बदलत होते, असे आपल्याच खात्याविषयी लिहिले. घरच्यांचे उणे लेखी मांडू शकणाऱ्या व्यक्तीला नियामक नेमणे मला तरी सयुक्तिक वाटते.
अलिप्ततेबाबत म्हणाल, तर ती स्वभावावर सोडलेली नाही. ऑफकॉमचा अध्यक्ष मंत्री नेमतात. मात्र मुख्य कार्यकाऱ्याची निवड अध्यक्ष व बिगर-कार्यकारी सदस्य करतात आणि मंत्र्यांची केवळ मान्यता लागते. खर्चाचा मोठा भागही नियमनाखालील कंपन्यांच्या शुल्कातून भागतो.

उत्तर (वीज क्षेत्रातील निवृत्त अभियंता, भुसावळ)
प्राध्यापकसाहेबांशी मी सहमत आहे, परंतु नियामकाची पारख निर्णयांतूनच होते. बीटी या ब्रिटिश दूरसंचार कंपनीकडे ओपनरीच हे तारांचे जाळे होते आणि तिचे प्रतिस्पर्धीही त्याच जाळ्यावर अवलंबून होते. ते पूर्णपणे वेगळे काढून विकायला लावा, अशी त्यांची मागणी होती. व्हाइट यांच्या काळात ऑफकॉमने तितके टोक गाठले नाही. मार्च २०१७ मध्ये बीटीने ओपनरीचला कायद्याने स्वतंत्र कंपनी करण्याचे मान्य केले, मालकी मात्र बीटीकडेच राहिली. आपल्याकडे २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन आमचे दीपनगरचे वीजनिर्मिती केंद्र महानिर्मितीकडे गेले, पारेषण व वितरण वेगळे झाले, तरी सर्वांवर सूत्रधारी कंपनी एकच राहिली. कागदावर वेगळे आणि मालकीत एक, अशा रचनेत नियामकाला रोज लक्ष ठेवावे लागते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून हा निर्णय मला अर्धवट वाटतो. त्याच महिन्यात बीटीला झालेला ४ कोटी २० लाख पौंडांचा दंड मात्र कडक होता.

प्रश्नकर्ता
सर, आपल्याकडे नियामक आयोगांवर बहुधा निवृत्त सचिव दिसतात. व्हाइट यांचे प्रकरण यात कोठे बसते?

उत्तर (प्राध्यापक, जळगाव)
तेथेच मुख्य फरक आहे. आपल्या वीज आयोगाच्या सदस्याला ५ वर्षांची मुदत आणि ६५ वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यामुळे ते पद बहुधा कारकिर्दीच्या शेवटी मिळते. व्हाइट ४७ व्या वर्षी तेथे गेल्या आणि २०१९ च्या अखेरीस बाहेर पडल्या. पुढे काय, हा प्रश्न अशा वेळी नाजूक ठरतो, कारण ज्यांच्यावर नियमन केले त्यांच्याच नोकरीचा मोह असू शकतो. २०२० मध्ये त्यांनी जॉन लुइस या कर्मचाऱ्यांच्या मालकीच्या किरकोळ विक्री समूहाचे अध्यक्षपद स्वीकारले. कोणत्याही दूरसंचार कंपनीत त्या गेल्या नाहीत, ही नोंद आपल्या उत्तरात जरूर घ्यावी.